तळोजा की डोंबिवली : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया खणखणीत आहे, त्यामुळे नुसतं "अभिप्रायाबद्दल आभार" म्हणून सुटका करून घेत नाही. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मुंबईच्या आसपास घर कुठे घ्यावं यावर मी लिहिलं होतं, "आधी स्टेशन बघा, मग फ्लॅट". तुमचं म्हणणं असं की हा सल्ला फोर्टात नोकरी करणाऱ्यांच्या जमान्यातला आहे. तुम्ही ऐरोलीला आयटीत, मिसेस दादरला. डोंबिवलीत वन बीएचके येतो तेवढ्यात तळोज्याला टू बीएचके मिळतोय, मेट्रो दाराशी आहे, विमानतळही झाला. आणि मी डोंबिवलीकर असल्यामुळे मला डोंबिवलीपलीकडचं जग दिसत नाही.

शेवटचा आरोप आधी घेते. डोंबिवलीचा अभिमान आहेच, नाकारत नाही. पण घर शोधणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट सांगते ती एमआयडीसीपासून, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीपासून, लांब राहायची. मे २०१६ ला एक स्फोट झाला, मे २०२४ ला दुसरा. दोन्ही वेळा माणसं गेली आणि लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटून घरात आल्या. हे सांगायचं कारण म्हणजे तळोज्यालाही एमआयडीसी आहे, तीही केमिकलवाली. साइट बघायला तुम्ही रविवारी सकाळी गेला असाल. रात्री अकराला एकदा जाऊन या, वास कसा आहे ते बघा. ब्रोशरमध्ये वास छापत नाहीत.

आता मेट्रो. तुमच्या तळोज्याकडे येणारी नवी मुंबईची बेलापूर–पेंधर मेट्रो, जेमतेम ११ किलोमीटर. काम सुरू झालं २०११ साली, पहिली प्रवासी गाडी धावली नोव्हेंबर २०२३ मध्ये. त्या भरवशावर ज्यांनी तेव्हाच घर घेतलं, त्यांची बालवाडीतली पोरं कॉलेजात गेली. उरण लोकलचंही तेच: २०१८ ला खारकोपरपर्यंत आली आणि पुढे उरणला पोचायला जानेवारी २०२४ उजाडलं. ठाण्यातल्या घोडबंदरवाल्यांना विचाराल तर ते हसतील तरी किंवा शिव्या तरी घालतील. त्यांच्याकडे जाणाऱ्या मेट्रो ४ चं भूमिपूजन डिसेंबर २०१६ चं आणि चाचणीची गाडी दिसली सप्टेंबर २०२५ ला. म्हणून माझा हिशेब सोपा आहे. जे धावतंय ते धरायचं, ज्याचे नुसते खांब दिसतायत ते धरायचं नाही. पेंधरची मेट्रो आज धावतेय, त्यामुळे तुमच्या बाजूने ती मी पूर्ण धरते. विमानतळाचं मात्र मला काही कौतुक नाही. वर्षातून किती वेळा विमानात बसता? विमानतळाने भाव चढतो, सकाळची ७.४० ची लोकल गाठता येत नाही.

मग तुमच्या एकट्याच्या नोकरीपुरतं बोलायचं तर तळोजा डोंबिवलीपेक्षा सरस आहे, हे बिनदिक्कत सांगते. मेट्रोने बेलापूर, तिथून ठाण्याची गाडी, ऐरोलीला उतरलात. डोंबिवलीहून तुम्हाला ठाण्याला उतरून, पूल चढून ट्रान्सहार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लोकल, धरावी लागते, आणि सकाळी त्या पुलावर काय असतं ते ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. हे टाळायला ऐरोली–कळवा असा उन्नत मार्ग ठरलाय, त्यातलं दिघा गाव स्टेशन २०२४ ला सुरूही झालं. पण कळव्याशी जोडणी होईपर्यंत तुम्ही त्या पुलावरच.

पण तुमची प्रतिक्रिया मी पुन्हा वाचली तेव्हा एक गोष्ट खटकली. तुमच्या प्रवासावर तुम्ही चांगला परिच्छेद खर्च केलाय. मिसेसच्या प्रवासावर एकच शब्द आहे, "दादरला".

जरा त्यांच्या पायांनी चालून बघू. घरापासून मेट्रो स्टेशन, शेअर रिक्षा मिळाली तर. मेट्रोने बेलापूर. मग हार्बर लाइनची लोकल, आणि हार्बरला फास्ट लोकल हा प्रकारच नाही, प्रत्येक स्टेशन घेत कुर्ला. पनवेलहून भरून आलेल्या गाडीत बेलापूरला बसायला मिळालं तर नशीब. कुर्ल्याला पुन्हा पूल, आणि मग कल्याण-डोंबिवलीकडून आधीच गच्च झालेल्या लोकलमध्ये शिरून दादर. संध्याकाळी हेच सगळं उलटं, हातात भाजीची पिशवी. पोचल्यावर कुकर कोण लावतं ते मी विचारत नाही.

डोंबिवलीला निदान डोंबिवलीहून सुटणारी लोकल असते, बसून किंवा टेकून एका गाडीत दादर. ती काही सुखाची गाडी नव्हे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं पडली आणि जीव गेले, ते याच लाइनवर. म्हणूनच "गाडी सुटते कुठून" हा प्रश्न मला दर चौरस फुटाच्या भावापेक्षा मोठा वाटतो. दिवा स्टेशनाजवळ घरं स्वस्त का, याचं निम्मं उत्तर यात आहे: तिथले लोक दिवा–सीएसएमटी लोकल मागून मागून थकले.

माझं मत विचाराल तर घराचं ठिकाण त्याच्या सोयीने ठरावं, ज्याचा दिवस आधीच जास्त भरलेला आहे. आपल्याकडे ती बहुतेक घरांत बाईच असते, पण ठरवताना नकाशा पुरुषाच्या ऑफिसवरून काढला जातो. तुमच्या बाबतीत मी ठाणे किंवा कळवा बघेन. ठाण्याहून सुटणाऱ्या लोकल त्यांना, ट्रान्सहार्बर तुम्हाला. "ठाणे परवडत नाही" हे उत्तर येणार, माहीत आहे. टॉवरमध्ये नाहीच परवडत. जुन्या, बिनलिफ्टच्या, तीन मजली सोसायटीत वन बीएचके बघा. दुसरी बेडरूम गेली तर जाऊ दे. दोघंही रात्री साडेआठला घरी पोचणार असाल तर तिच्यात बसणार कोण? हो, आई-वडील येऊन राहणार असतील तर गोष्ट वेगळी, मग तळोज्याचा विचार मीही करेन, पण तेव्हा लिफ्टपेक्षा जवळचं हॉस्पिटल आधी बघेन.

"रेरा नंबर आहे, त्यामुळे कागदपत्रांची चिंता नाही" हे तुमचं वाक्य वाचून मात्र धस्स झालं. बनावट परवानग्या दाखवून महारेराची, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी मिळवलेल्या डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारती पाडा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. आत राहणाऱ्यांकडेही करारनामे होते, बँकेची कर्जं होती, तोरणं लागलेली होती. तेव्हा रेरा नंबर हवाच, पण मंजूर नकाशा आणि सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) सिडकोत, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीत, किंवा पनवेल महापालिकेत, ज्याच्या हद्दीत असेल तिथे, स्वतः जाऊन ताडून बघा. आणि तयार इमारत असेल तर ओसी, म्हणजे राहायला येण्याची परवानगी. "ओसी प्रोसेसमध्ये आहे" म्हणजे ओसी नाही.

पाण्याचं विचारायला सेल्स ऑफिसात जाऊ नका. त्याच बिल्डरच्या आधीच्या, लोक राहायला आलेल्या सोसायटीत जा आणि लिफ्टशेजारचा नोटीस बोर्ड वाचा. मी घर बघायला जाते तेव्हा किचन ओटा नंतर, तो बोर्ड आधी. "पाणी सकाळी ६ ते ६.४५", "टँकरची वर्गणी १० तारखेपर्यंत", "ओसीबाबत विशेष सभा", सगळी कुंडली तिथे टाचणीने लावलेली असते. तळोजा-खारघर पट्ट्यात उन्हाळ्यात पाण्याची बोंब असते, त्यामुळे मे महिन्यातली नोटीस शोधा. वॉचमनला टँकर किती येतात ते विचारा, तो खोटं बोलत नाही, त्याला कमिशन नसतं.

टोकन दिलं नसेल तर आधी अकरा महिन्यांच्या करारावर त्याच भागात भाड्याने राहा, पावसाळा मध्ये येईल असं बघून. तेवढं शक्य नसेल तर जुलैतल्या एखाद्या सोमवारी मिसेसबरोबर त्या इमारतीच्या गेटपासून दादरपर्यंत जाऊन या, आणि संध्याकाळी परतही. त्यानंतरही दोघांचं मत तळोजाच असेल तर बिनधास्त घ्या, माझा काही वाद नाही. फक्त ओसी मागितल्यावर बिल्डरचा माणूस काय म्हणाला ते इथे जरूर कळवा.