कर्णधाराला जाब विचारण्याची सोपी रीत

भारत हॉकीचा सामना हरला की पहिल्या पाच मिनिटांत कर्णधाराच्या निष्ठेवर शंका घेऊन मोकळं व्हावं. उशीर झाला तर शेजारचे काका आधी घेतात आणि आपल्या वाट्याला नुसतं ‘अगदी बरोबर’ म्हणणं उरतं. त्यासाठी थोडी तयारी लागते. सामना पाहायची मात्र गरज नाही. पाहूच नये, विनाकारण मत गढूळ होतं.

सुरुवात देहबोलीपासून करा. पुरुष संघाचा कर्णधार हरमनप्रीत सिंगच्या चेहऱ्यावरची रेषा सहसा हलत नाही, ही आपली मोठीच सोय. जानेवारी २०२३ मध्ये भुवनेश्वरच्या विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध ३-१ची आघाडी आपण घालवली, ३-३ झालं आणि बरोबरी फोडणाऱ्या शूटआउटमध्ये ५-४ने गेलो. तेव्हा तो चेहरा ‘याला काही पडलेलीच नाही’ असा वाचायचा होता. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध ५९व्या मिनिटाला त्याने बरोबरीचा गोल मारला. तेव्हा तोच चेहरा ‘डोक्यावर बर्फ ठेवलेला माणूस’ असा वाचायचा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर कुठला कधीचा ते कळणार नाही, म्हणून शेजारी ठेवू नयेत.

मग ‘कर्णधार पळतच नाही’ हा मुद्दा घ्या. तो बचावपटू आहे, हे माहीत असलं तरी विसरा. हॉकीत खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करू शकतात. पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रं, आणि त्यात दर काही मिनिटांनी कुणी ना कुणी दम खायला बाकावर येतो. कर्णधारही येतो आणि तेवढ्यापुरता कर्णधाराचा पट्टा दुसऱ्याच्या दंडावर जातो. नेमक्या त्या क्षणी, तो बाटलीतून पाणी पीत असताना, मोबाइलवर स्क्रीनशॉट घ्यावा. खाली लिहावं: ‘देश हरतोय आणि साहेब बसलेत.’ याला उत्तर नाही. असलंच तर ते लांबलचक असतं, आणि लांबलचक उत्तर कुणी वाचत नाही.

सगळ्यात हुकमी एक्का म्हणजे पेनल्टी कॉर्नर, समोरच्याच्या चुकीबद्दल मिळणारी गोलची संधी. एकजण मागच्या रेषेवरून चेंडू ढकलतो, दुसरा तो डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, बाहेर अडवतो, तिसरा तो ओढून फेकतो. समोर गोलरक्षकासह पाचजण, त्यातला एक तोंडावर मुखवटा चढवून थेट अंगावर धावत येतो. सगळा खेळ डोळ्यांची उघडझाप होईतो संपतो. ढकललेला चेंडू वीतभर वाकडा आला, अडवताना जरासा उसळला, की पुढच्या माणसाच्या मनगटाचं गणित बिघडतं. पण ढकलणाऱ्याचं नाव तुम्हाला माहीत नाही, अडवणाऱ्याचं मलाही चटकन आठवत नाही. फेकणाऱ्याचं सगळ्यांना पाठ असतं, शिवाय तोच कर्णधार. २०२३च्या विश्वचषकात आपले कॉर्नर वाया जात राहिले, तेव्हा ही पद्धत उत्तम चालली.

दुर्दैवाने तेव्हा आपलं कुणी ऐकलं नाही. प्रशिक्षक ग्रॅहम रीड यांनी राजीनामा दिला, कर्णधार तसाच राहिला. परिणाम काय? त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, पुढच्या वर्षी पॅरिसला कांस्य, तिथे त्याचे १० गोल, स्पर्धेत सर्वाधिक. स्पेनविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यात २-१ने जिंकलो, ते दोन्ही गोलही त्याचेच, आणि दोन्ही पेनल्टी कॉर्नरवर. असे कठीण प्रसंग प्रत्येक टीकाकाराच्या आयुष्यात येतात. खचून जाऊ नये.

त्याच पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यात ब्रिटनविरुद्ध १७व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला सामना आपण दहाजणांनी खेळलो. १-१, मग शूटआउटमध्ये विजय. अशा वेळी श्रेय गोलरक्षक श्रीजेशला द्यावं, त्यात खोटं काही नाही. हरलो असतो तर मात्र ‘दहाजणांना सावरायला नेता लागतो’ हे वाक्य तयार होतं. वाया गेलं नाही, जपून ठेवलंय.

कर्णधार जिंकून आला तर काय करावं, हा प्रश्न नवशिक्यांना पडतो. इथे आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेचं उदाहरण अभ्यासावं. १९९८ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात कोरियाला हरवून सुवर्ण आणलं, १९६६ नंतर पहिल्यांदा, म्हणजे ३२ वर्षांनी. लगेच त्याच्यासह काही ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर. कारण दिलं गेलं विश्रांतीचं! गैरसोयी आणि थकलेल्या मानधनाबद्दल धनराज उघडपणे बोलला होता, त्याचा हा हिशेब चुकता झाला असं बहुतेकांनी मानलं. पण ‘विश्रांती’ या शब्दाची ऐट बघा. ना आरोप, ना चौकशी, ना खुलासा. आपण उगाच चार-चार परिच्छेद लिहीत बसतो.

मोठ्या नावांना बिचकू नका. १९३६ला बर्लिनमध्ये ऑलिंपिकआधीच्या सराव सामन्यात ध्यानचंदांचा संघ जर्मनीकडून ४-१ने हरला होता. आपण तिथे असतो तर त्याच रात्री कर्णधार बदलून टाकला असता. नव्हतो, म्हणून १५ ऑगस्टला अंतिम सामन्यात जर्मनीवर ८-१ अशी नामुष्की ओढवली.

या विद्येचे काही विद्यार्थी फारच पुढे जातात. २०२१ला टोकियोत महिला संघ उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून हरला, तेव्हा हरिद्वारजवळच्या गावात वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फुटले आणि तिच्या कुटुंबाला जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. काहीच दिवसांपूर्वी तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल मारले होते. ऑलिंपिकमध्ये अशी हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. ती तर कर्णधारही नव्हती. यावर विनोद सुचत नाही, पुढे जाऊ.

आता काय विचारू नये तेही सांगतो. बचाव, ड्रॅगफ्लिक (कॉर्नरवर चेंडू ओढून फेकणं) आणि कर्णधारपद ही तिन्ही ओझी एकाच्याच खांद्यावर का? तो बाकावर असताना कॉर्नर मिळाला तर फेकणार कोण, आणि त्याला पुरेसे सामने मिळतात का? डाव आखतो कोण, संघ निवडतो कोण, आणि हरल्यावर ते कॅमेऱ्यासमोर का दिसत नाहीत? हे प्रश्न रास्त आहेत, कर्णधारालाही लागू पडतात, आणि हीच त्यांची अडचण आहे. उत्तरासाठी साठ मिनिटं टीव्हीसमोर बसावं लागतं, तेही ऑलिंपिक नसताना.

जून २०२५मध्ये प्रो लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या युरोप दौऱ्यात आपण सलग सात सामने हरलो, तेव्हा ‘कर्णधार संपला’ हे पक्कं झालं होतं. सप्टेंबरमध्ये राजगीरला त्याच कर्णधाराने कोरियाला ४-१ने हरवून आशिया चषक आणला आणि २०२६च्या विश्वचषकाचं तिकीटही काढलं. तेव्हा यापुढे एकाच मजकुरावर विसंबू नका. दोन मसुदे मोबाइलमध्ये ठेवा. एक ‘हटवा’चा, एक ‘मी तर आधीच म्हणत होतो’चा. शूटआउट सुरू झालं की दोन्ही उघडून बसा आणि शेवटचा फटका होईपर्यंत बोट पाठवायच्या बटणावरून दूर ठेवा. घाईत चुकीचा गेला तर पुसता येतो, पण काकांनी तोवर वाचलेला असतो.