कचरावेचकांशी करार कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पुण्याच्या कचऱ्याची व्यवस्था कचरावेचकांसह सर्वांना बरोबर घेऊन, त्यांच्याशी करार करून व्हावी, असे मी एका लेखात म्हटले होते. त्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की हवामानबदलाचा प्रश्न इतका तातडीचा असताना ‘सर्वांना बरोबर घ्या’ असा आग्रह धरणे म्हणजे बैठकांचा वेळकाढूपणा आहे; महापालिकेने एका सक्षम कंपनीला कंत्राट द्यावे, यंत्रे आणावीत आणि कचरावेचकांना दुसरे काम मिळवून द्यावे.

बैठकांविषयीची आपली चीड मला मान्य आहे. आराखडा आधीच छापून तयार असतो आणि नागरिकांकडून केवळ हजेरीपटावर सह्या घेतल्या जातात, अशा सभेला सहभाग म्हणता येणार नाही. मी लिहिले ते लेखी कराराविषयी, ज्यात काम, मोबदला आणि जबाबदारी कोणाची हे ठरलेले असते. पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कामगार संघटना 1993 मध्ये उभी राहिली. पुढे 2000 सालच्या घनकचरा नियमांनी शहरांना घरोघरी कचरा गोळा करण्याचे बंधन घातले, तेव्हा कुंडीतला कचरा हातून जाणार हे वेचकांच्या लक्षात आले आणि त्यांनी तेच काम आपल्याकडे मागितले. त्यातून ‘स्वच्छ’ ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये महापालिकेने तिच्याशी करार केला. घरटी मासिक शुल्क आणि सुका कचरा विकून येणारे पैसे, हे वेचकांचे उत्पन्न.

हवामानाचा संबंध इथेच येतो. ओला कचरा डेपोत दबून हवेविना कुजला की मिथेन तयार होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो. तो टाळायचा तर ओले आणि सुके घरातच वेगळे व्हायला हवे. ज्या कंत्राटदाराला टनावर पैसे मिळतात त्याला मिसळलेला, भिजलेला, जड कचराच परवडतो. वेचक बाईला मात्र भाजीच्या पाण्याने भिजलेल्या पुठ्ठ्याचा भाव मिळत नाही, म्हणून ती दारात उभी राहून ‘ताई, हे वेगळं ठेवा’ असे रोज सांगते. यंत्रांना माझा विरोध नाही, पण हे सांगणारे यंत्र मला ठाऊक नाही.

आमच्या सोसायटीचा अनुभव सांगतो. आम्ही समिती नेमून खतासाठी हौद बांधला आणि तीन महिन्यांत दुर्गंधीच्या तक्रारींमुळे तो बंद केला. त्या तीन महिन्यांत कचरा नेणाऱ्या मावशींना आम्ही एकदाही काही विचारले नव्हते. अखेर त्यांनीच सांगितले, की तुम्ही नुसते ओले टाकता, प्रत्येक थरावर सुका पालापाचोळा घालायला हवा. आवारातला पाला तर आम्ही रोज जाळत होतो. आज हौद चालू आहे, पाला जाळणे थांबले आहे आणि खताच्या देखभालीचे वेगळे पैसे मावशींना दरमहा मिळतात.

त्यांना दुसरे काम द्यावे, हा आपला मुद्दा मी हलक्यात घेत नाही. पुढच्या पिढीने हे काम करू नये, असे अनेक वेचक आयाच म्हणतात. पण आज पन्नाशीच्या बाईच्या हातून हे काम काढून कंपनीला दिले, तर दुसरे काम तिच्या वाट्याला येईल याची हमी कोण देणार? हातमोजे, बसून वर्गीकरण करता येईल अशी शेड, वेळेवर मिळणारे शुल्क आणि मुदत संपण्याआधी होणारे कराराचे नूतनीकरण, हे तरी आजच देता येते.

एका बाबतीत मात्र आपण बरोबर आहात. ‘सर्व’ म्हणताना मी कोणाला मोजले, असे आपण विचारले आहे. पुण्याच्या कचरा डेपोलगतच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या ग्रामस्थांना मी मोजले नव्हते. शहराने आपला कचरा वर्षानुवर्षे त्यांच्या दारात नेऊन टाकला, त्यांच्या विहिरी खराब झाल्या, आणि 2017 मध्ये डेपोला आग लागल्यावर त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा शहराला त्यांची दखल घ्यावी लागली. वर्गीकरण न केलेल्या प्रत्येक बादलीचा त्रास सर्वांत आधी ज्यांना होतो, त्यांची सही कचऱ्याच्या कोणत्याही करारावर असायला हवी, आणि माझ्या लेखात त्यांचा उल्लेखही नसणे ही गंभीर उणीव होती. त्यांच्याविषयीचा परिच्छेद मी आज मूळ लेखात जोडला आहे.