लस टाळणारे सगळे अडाणी अन् भित्रे, असं कोण म्हणते?

मागच्या आठवड्यापासून नागपूरच्या ज्या त्या ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला. सार एवढंच की लस टाळणारे अडाणी असतात, भित्रे असतात, त्यांना समाजाची पडलेली नसते, त्यांच्या तोंडावर आकडे फेका अन् तरी ऐकत नसतील तर ग्रुपमधून हाकला. खाली टाळ्याच टाळ्या. मी लसीच्याच बाजूचा आहे, घरच्या पोरांचे डोस वेळेवर होतात, पण ही वकिली चुकीची आहे ना भाऊ.

पहिलं, "अडाणी". मॅथ्यू हॉर्न्सी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अन् त्याच्या सहकाऱ्यांनी 24 देशांतल्या पाच हजारांवर लोकांची मतं तपासली, 2018 मध्ये ते छापून आलं. लसविरोधाशी शिक्षणाचा संबंध नावापुरताच निघाला. जुळलं काय, तर जगात सगळीकडे कटकारस्थानच चालू आहे असं वाटणं (ब्रिटनची राजकुमारी डायना अपघातात गेली नाही, तिला मारलंच, वगैरे), "मला कोणी सांगायचं नाही" हा स्वभाव, रक्त-सुईची किळस, अन् ज्याचं त्याने पाहावं ही वृत्ती. हे नातं पाश्चात्त्य देशांत जास्त घट्ट होतं, म्हणून जसंच्या तसं इथे चिकटवता येत नाही, तरी डिग्री पाहून माणूस ओळखायचा हिशोब तर गेलाच. धरमपेठेतल्या एसी हॉलमध्येही "नॅचरल इम्युनिटी"वर प्रवचन ऐकलंय मी, बोलणारे इंजिनियर होते.

"भित्रे" यावर मात्र मला जास्त बोलायचंय, कारण इथे लोक फार निर्दयपणे हसतात. साध्या भीतीत बीपी वाढते. पण सुई-रक्ताच्या भीतीत बऱ्याच जणांचं बीपी आधी थोडं चढते अन् मग एकदम खाली येते, नाडी मंदावते, चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, अन् गडी खुर्चीवरून खाली. याला नाटक म्हणता का? हा शरीराचा रिफ्लेक्स आहे, हिंमतीचा काही संबंध नाही. दंडावर पैलवानासारखे गोळे असलेला माणूस सेंटरवर असा कोसळताना पाहिलाय मी, अन् बाजूचे मोबाइल काढून उभे! यावर उपायही आहे, लार्स-योरान ऑस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने रुळवलेला: पाय, पोट अन् दुसऱ्या हाताचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळायचे, चेहऱ्यावर गरम वाटेपर्यंत, मग थोडं सैल सोडायचं, परत आवळायचं. ज्या दंडात सुई टोचायची तो मात्र ढिला ठेवायचा. त्याने बीपी सहसा पडत नाही. आडवं झोपवून इंजेक्शन दिलं तरी चालते. "घाबरतो काय बे" म्हणण्यापेक्षा हे सांगा.

"आकडे फेका." 2014 मध्ये अमेरिकेत ब्रेंडन नायहन अन् सहकाऱ्यांनी आईबापांना एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लसीने ऑटिझम (स्वमग्नता) होत नाही याचे पुरावे दाखवले. गैरसमज कमी झाला, पण ज्यांचा आधीच सगळ्यात जास्त विरोध होता त्यांची लस द्यायची तयारी उलट घटली. दरवेळी असंच होते असं नाही, पण आकड्याने मन वळतेच हे खरं नाही. कारण आईच्या डोक्यात हिशोब वेगळा असतो: लस देऊन लेकराला काही झालं तर ते मी केलं, न देता गोवर झाला तर ते नशीब. न करण्याचा दोष आपल्याला हलका वाटते, ही सगळ्यांचीच खोड आहे, तुमची-माझीसुद्धा.

"समाजाची पडलेली नाही" हे तर अर्धवट. कळमन्यात हमाली करणाऱ्याला दुपारी सेंटरवर जायचं म्हणजे त्या दिवसाची रोजी बुडाली, त्याला मानसशास्त्र कशाला लावता, संध्याकाळी सेंटर उघडं ठेवा. अन् काहींना धोकाच दिसत नाही, कारण लसीने आपलं काम केलंय. भारतात जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला, आजच्या तरुण आईबापांनी पोलिओमुळे पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) लावलेलं पोरगं गल्लीत पाहिलंच नाही. गोवर मात्र वाट पाहून आहे, कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एक रुग्ण 12 ते 18 जणांना देऊन जाते.

राहिलं ग्रुपमधून हाकलणं. "मला कोणी सांगायचं नाही" वाल्याला हाकललं की तो जाते त्याच्यासारख्यांच्या ग्रुपवर, अन् तिथे त्याला टोकणारं कोणी नसते. इथे राहिला तर निदान सोसायटीतली आशाताई किंवा ज्याच्यावर त्याचा भरवसा आहे असा एखादा डॉक्टर त्याला विचारू तरी शकते, की दादा, नेमकी भीती कशाची वाटून राहिली?