काकांचा शर्ट आणि राखाडी कॅमेरा

"माझा शर्ट मळका केलास!"

संक्रांतीच्या हळदीकुंकवात, आठ-दहा बायका वाण लुटत असताना, पंचाहत्तरी ओलांडलेले काका माझ्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बोट ठेवून एवढ्या मोठ्याने बोलले की तिळगूळ घेणारे हात तसेच थांबले.

आता यात माझा काय दोष? कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर जन्मजात मध्यममार्गी. समोर काहीही येवो, ते सरासरी राखाडीच, साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारं, असं तो धरून चालतो. फ्रेमभर पांढरा शर्ट आला की त्याला वाटतं उजेड फार झाला. तो एक्सपोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, उतरवतो आणि नीळ घातलेला, कडक इस्त्रीचा शर्ट राखेने घासल्यासारखा येतो. नव्या सुनेच्या काळ्या चंद्रकळेचं उलटं. अंधार समजून तो उजेड चढवतो, साडी विटते आणि हलव्याच्या दागिन्यांचा काटा उडून गळ्यात चुन्याचा पट्टा उरतो. मंद आचेवर दिवसच्या दिवस बसून जिने तो काटा आणला, तिला फोटो दाखवायची सोय नाही.

काकांना हे सगळं सांगितलं.

"म्हणजे त्याला पांढरा शर्ट कळत नाही?"

"नाही, काका."

"कितीला घेतलास म्हणालास?"

मी गप्प.

"अरे, मग तू सांग ना त्याला, पांढरा आहे म्हणून!"

संताप याचाच, की करायचं असतं नेमकं तेच. अधिक-उणे खुणेचं बटण दाबून शर्टाला +१, म्हणजे उजेड दुप्पट, चंद्रकळेला -१, म्हणजे निम्मा. फक्त एम मोडवर, म्हणजे सगळं हातानेच ठरवायचं तिथे, आयएसओही (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) आपणच ठरवला असेल, तर बहुतेक कॅमेऱ्यांत त्या बटणाने नुसती मीटरची खूण सरकते. फोटो ढिम्म तसाच. आणि मी एम मोडवर होतो. तिथे असलं की आपल्याला येतं असं वाटतं.

काका ॲपर्चरवर, म्हणजे लेन्समधून उजेड आत सोडणाऱ्या भोकावर, आले. "आकडा मोठा, भोक लहान? हे कुठलं गणित?"

आण्यांचं! लेन्सवर मिमीत लिहिलेली फोकल लेंग्थ म्हणजे सोळा आण्यांचा रुपया, आणि एफचा आकडा म्हणजे भोकाच्या व्यासासाठी त्याचे किती भाग करायचे ते. एफ २ आठ आणे, एफ ४ चार आणे, एफ ८ दोन आणे, एफ १६ एक आणा. ५० मिमी लेन्सचं भोक एफ २ ला २५ मिमी, एफ १६ ला जेमतेम ३. व्यास निम्मा झाला की उजेड चौथाईवर. जे माझ्या डोक्यात शिरायला दोन महिने लागले, ते काकांना आण्यात लगेच कळलं. मग एका आण्यात काय काय यायचं, हे मला वीस मिनिटं ऐकावं लागलं.

शेवटी शटर उघडं राहायचा वेळ १/१२५ सेकंदावरून १/६० केला, म्हणजे उजेड दुप्पट. शर्ट पांढराशुभ्र! काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"केस का पिकवलेस?"

एक्सपोजर अख्ख्या फ्रेमचं असतं, काका.

"शर्टाला प्लस केलंस ना? मग केसांना मायनस कर."

तेवढ्यात भाचीने मोबाइल काढला आणि एका टिचकीत शर्ट पांढरा, केस काळे. मोबाइल कमी-जास्त उजेडाच्या अनेक फ्रेम घेऊन त्या आपसात जुळवतो. शर्टाला प्लस, केसांना मायनस. म्हणजे काका दुसऱ्यांदा बरोबर.

तो फोटो आता काकांचा डीपी आहे. उजव्या कोपऱ्यात माझं कोपर आलंय.