वालधुनीचं पाणी, मावशीची बाटली आणि पांडव

काल मावशीचा फोन. "महाशिवरात्रीला अंबरनाथला गेलास तर वालधुनीचं पाणी आण रे बाटलीभर. पायाला खाज सुटते, तिथे लावीन." तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो मेसेज पोचला होता तर! तुमच्याकडेही आला असेलच: अंबरनाथचं शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत, एकाच दगडातून कोरलं, उजाडलं म्हणून शिखर राहिलं, युनेस्कोने ते जागतिक वारसा ठरवलं, आणि शेजारच्या वालधुनी नदीच्या पाण्याने त्वचारोग जातात.

आधी पाणी, कारण बाकीच्या थापांनी कुणी आजारी पडत नाही. वालधुनी काकोळ्याच्या डोंगरात उगवते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेलं जीआयपी धरण तिच्यावरच आहे आणि तिथवर ती नदी आहे. पुढे अंबरनाथ, उल्हासनगर ओलांडून कल्याणजवळ उल्हास नदीला मिळेपर्यंत तिच्यात कारखान्यांची रसायनं आणि दोन शहरांचं सांडपाणी उतरतं. 2014 मध्ये तिच्यात ओतलेल्या रसायनाचा वायू पसरून उल्हासनगरात लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. ते पाणी खाजेवर लावायचं?

आता पांडव. उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर आतल्या बाजूने शिलालेख आहे. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी तो शिलाहारांच्या, म्हणजे तेव्हाच्या कोकणातल्या राजघराण्याच्या, इतर लेखांबरोबर छापलाय. शके 982, श्रावण शुद्ध नवमी, शुक्रवार. म्हणजे इसवी सन 1060. राज्य शिलाहार राजा मम्वाणीचं. खाली त्याच्या कारभाऱ्यांची नावंसुद्धा आहेत. एकोणिसाव्या शतकातले अभ्यासक भाऊ दाजी लाड यांनी आधी शकाचा आकडा 782 वाचला होता, तो पुढे दुरुस्त झाला. वाद झाला तो दोनशे वर्षांचा. पांडव कुणाच्याच वाचनात आले नाहीत. आणि "एकाच दगडातून" म्हणणाऱ्याने भिंतीजवळ उभं राहून एकदा बघावं. चिऱ्यावर चिरा रचलाय, सांधे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. अखंड कातळातून कोरलं ते वेरूळचं कैलास, अंबरनाथ नव्हे.

युनेस्कोचं पटकन उरकतो. महाराष्ट्रातून त्या यादीत अजिंठा, वेरूळ, घारापुरी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दक्षिण मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती, पश्चिम घाट आणि 2025 पासून मराठ्यांचे किल्ले. अंबरनाथ नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक मात्र आहे, पण त्याचं कुणाला कौतुक!

शिखराचं, बरं, मान्य. ते वर अपुरं आहे खरं. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं आणि मान वर केली की आभाळ दिसतं, आणि ते बघून गोष्ट सुचली असेल तर त्या माणसाला मी दोष देणार नाही. पुढे पाठवणाऱ्यांना देईन.

मावशीला बाटली मिळणार नाही. त्वचेच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतलीये.