दिओताल्लेवी : हे टाकून दिलेल्या मुलांचं आडनाव नव्हे

नातेवाइकांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. इटलीतल्या 'दिओताल्लेवी' या दुर्मिळ आडनावाची म्हणे ही खरी कहाणी. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं लग्न याच आडनावाच्या घरात ठरलं आहे, त्यामुळे तो मजकूर फिरत फिरत तिच्या आजीपर्यंत पोचला. आजींनी एवढंच विचारलं, "म्हणजे त्या घराण्याचा पत्ताच नाही का?" एका भरल्या घरावर हा असा डाग कुणी लावला आणि कशाच्या जोरावर, याचं उत्तर द्यायलाच हवं.

मजकुरात काय आहे ते आधी थोडक्यात सांगतो. या आडनावाचा अर्थ 'देव तुला वाढवो'. आईबापांनी टाकलेली मुलं चर्चच्या भिंतीतल्या लाकडी चाकात ठेवली जात, ही चाकाची प्रथा पोप तिसऱ्या इनोसंटनं ११९८ मध्ये सुरू केली, आणि अशा मुलांना तिथले लोक हे आडनाव देत. म्हणून आज हे आडनाव लावणारा प्रत्येक जण टाकलेल्या मुलाचा वंशज. आडनाव इतकं दुर्मिळ आहे हाच त्याचा पुरावा. इटलीत आजही अशा मुलांना अशीच आडनावं देतात. 'दिओ' म्हणजे आपला 'देव', तेव्हा शब्द मुळात संस्कृत. जगात जेमतेम चाळीस कुटुंबं उरली आहेत. आणि शेवटी, या घराण्याचं कुळचिन्ह विकत घेण्यासाठी एक लिंक.

अर्थ बरोबर आहे. दिओ म्हणजे देव, त म्हणजे तुला, आल्लेवी म्हणजे वाढवो. अख्खं वाक्यच आडनाव झालं आहे. पण 'देव वाढवो' म्हणजे 'वाढवायला आईबाप नाहीत' हा अर्थ मजकूर लिहिणाऱ्यानं पदरचा घातला आहे. हा आशीर्वाद आहे, आणि तो देणारे आईबापच होते. निम्मी मुलं मोठी होण्याआधीच जात असत त्या काळात बाळाचं नाव ठेवताना आणखी काय मागणार? आपल्याकडे आधीची मुलं दगावली की पुढच्याचं नाव भिकाजी, धोंडू, दगडू ठेवत. भिकाजीचा बाप भीक मागत होता असं आपण कधी म्हणतो का? इथेही तोच धागा आहे. आपण वाईट नाव ठेवून दृष्ट टाळली, त्यांनी देवाचं वाक्य ठेवून आयुष्य मागितलं.

मध्ययुगीन इटलीत अशी वाक्यनावं सर्रास होती, आणि ती आडनावं नव्हती, पाळण्यातली नावं होती. दिओतिसाल्वी म्हणजे देव तुला तारो. दिओतायुती म्हणजे देव तुला मदत करो. बोनावेंतुरा म्हणजे तुझं भलं होवो. बेनवेनुतो म्हणजे ये, तुझं स्वागत आहे. सोनार आणि शिल्पकार बेनवेनुतो चेल्लीनी १५०० साली जन्मला तेव्हा घरात मुलीची अपेक्षा होती. मुलगा झालेला पाहून बाप हेच बोलला आणि तेच नाव पडलं, असं त्यानं स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. बेंतिवोल्यो म्हणजे 'तू मला प्रिय आहेस' अशा अर्थाचं नाव, आणि या आडनावाच्या घराण्यानं पंधराव्या शतकात बोलोन्या शहरावर राज्य केलं. यात कुणी टाकलेलं मूल आहे का?

आता मुख्य पुरावा. मजकुराचा सगळा डोलारा ११९८ या सालावर उभा आहे. पिसा शहरातल्या गोल बाप्टिस्टरीत, म्हणजे झुकत्या मनोऱ्याजवळच्या बाप्तिस्मागृहात, आतल्या खांबांवर लॅटिन लेख कोरलेला आहे. या वास्तूचा पाया ११५३ च्या ऑगस्ट महिन्यात घातला आणि या कामाचा उस्ताद दिओतिसाल्वी, असं तो लेख सांगतो. पिसाचं वर्ष त्या काळी आपल्या हिशेबाच्या नऊ महिने आधी सुरू होई, म्हणून आजच्या मोजणीनं ते ११५२. त्याच शहरात सान सेपोल्क्रो नावाचं अष्टकोनी चर्च आहे, तेही याच माणसानं बांधलं. तिथल्या लेखात त्याचं नाव एक शब्द म्हणून येत नाही. या कामाचा कर्ता 'देउस ते साल्वेत' या नावानं ओळखला जातो, असं तिथं आहे. 'देव तुला तारो' हे पुरं लॅटिन वाक्य माणसाच्या नावाच्या जागी कोरलं आहे. म्हणजे इनोसंट पोप होण्याच्या पंचेचाळीसेक वर्षं आधी याच साच्याच्या नावाचा माणूस शहरातली सगळ्यात मोठी कामं घेणारा उस्ताद होता.

तो दिओतिसाल्वी, आपला दिओताल्लेवी, असा आक्षेप कुणी घेईल. तर चौदाव्या शतकात मार्के प्रांतातल्या एसानातोल्या गावी एक चित्रकार होता, त्याचं नाव दिओताल्लेवी दि आंजेलुच्चो. 'दि आंजेलुच्चो' म्हणजे आंजेलुच्चोचा मुलगा. दिओताल्लेवी हे नाव आणि त्याला चिकटलेलं बापाचं नाव, दोन्ही एकाच ओळीत आहेत. टाकलेल्या मुलाला बापाचं नाव कुठून लागणार?

पाळण्यातलं नाव आडनाव कसं झालं तेही सांगतो, कारण गोंधळ तिथेच होतो. अमुक हा दिओताल्लेवीचा मुलगा, त्याचा मुलगाही 'दिओताल्लेवींपैकी', असं दोनतीन पिढ्या म्हणत गेलं की मूळ पुरुषाचं नाव घराला चिकटतं. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेनं १५६३ मध्ये प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, लग्न आणि बाप्तिस्म्याची वही ठेवायला लावली, आणि मग ही नावं वहीत अडकून कायमची झाली. यासाठी अनाथालय लागत नाही. मूळ पुरुष वेगवेगळ्या गावी वेगवेगळे असू शकतात, म्हणून सगळे दिओताल्लेवी एका कुळाचेही नव्हेत.

आता 'दुर्मिळ आहे म्हणून अनाथ' हे तर्कट. हे तर अगदी उलटं आहे. अनाथालयांनी दिलेली जी आडनावं खरोखर होती ती इटलीतली अत्यंत रुळलेली आडनावं आहेत, कारण एकच नाव वर्षानुवर्षं हजारो मुलांना दिलं गेलं. नेपल्समध्ये एस्पोसितो, म्हणजे बाहेर ठेवलेला. रोममध्ये प्रोयेत्ती, म्हणजे टाकलेला. फ्लॉरेन्समध्ये इन्नोचेंती, तिथल्या १४४५ मध्ये सुरू झालेल्या अनाथालयाच्या नावावरून. मिलानमध्ये कोलोंबो, कारण टाकलेली मुलं सांभाळणाऱ्या तिथल्या मोठ्या रुग्णालयाच्या चिन्हावर कबुतर होतं. यातली नावंसुद्धा सरसकट लावता येत नाहीत. क्रिस्तोफर कोलंबसचं आडनाव कोलोंबोच, आणि तो जेनोवाच्या दोमेनिको नावाच्या विणकराचा मुलगा, बापाचं नाव-गाव कागदोपत्री माहीत असलेला. शिवाय इटलीत वेगवेगळी आडनावं तीन लाखांहून जास्त आहेत आणि त्यातली बहुतेक दुर्मिळच. दुर्मिळपणा हा पुरावा मानला तर अर्धी इटली अनाथ ठरेल.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, मनात नसलं तरी. एस्पोसितोसारख्या नावांनी माणूस आयुष्यभर ओळखला जातो हे लक्षात आल्यावर एकोणिसाव्या शतकात ती देणं बंद करत आणलं. नेपल्समध्ये हे नेपोलियननं गादीवर बसवलेल्या मुरा या राजाच्या राजवटीत झालं. मग कारकून प्रत्येक मुलाला नवंच आडनाव शोधून देऊ लागले : फुलांची, महिन्यांची, गावांची, आणि देवाचं नाव असलेली भाविक नावंही. त्यामुळे एखाद्या कारकुनानं एखाद्या बाळाला दिओताल्लेवी लिहिलं असणं शक्य आहे. एखाद्या बाळाला. त्यावरून सगळ्या घराण्यांचं मूळ ठरवता येत नाही. रिमिनीत याच आडनावाचं मार्क्विस, म्हणजे सरदार, घराणं होतं. त्यांच्याकडे असलेलं चित्रकार राफाएलचं मरियम आणि बाळाचं चित्र आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे आणि ते 'दिओताल्लेवी मादोन्ना' म्हणूनच ओळखलं जातं.

आणि समजा एखाद्या शाखेचा पूर्वज खरंच चाकातून आला असेल, तर त्यात लाज कसली? ते चाक म्हणजे भिंतीत बसवलेला पोकळ लाकडी पिंप, एक बाजू उघडी. बाळ ठेवायचं, पिंप आत फिरवायचं, घंटा वाजवायची आणि निघून जायचं. कित्येक आया बाळासोबत अर्धं तोडलेलं पदक किंवा नाणं ठेवत, उरलेलं अर्धं स्वतःकडे, कधीतरी परत न्यायला येऊ म्हणून. ती अर्धी तोडलेली पदकं फ्लॉरेन्सच्या इन्नोचेंतीमध्ये आजही जपून ठेवली आहेत. ती पाहिलेला माणूस 'घराण्याचा पत्ता नाही' असं बोलू धजणार नाही. फ्लॉरेन्स आणि नेपल्सची चाकं १८७५ मध्ये बंद झाली. बाप माहीत नसलेल्याच्या कागदांवर पुढेही बापाच्या जागी दोन अक्षरं पडत, 'एन. एन.', म्हणजे नाव माहीत नाही. शाळेत, नोकरीत, लग्नात ती दाखवावी लागत. १९५५ मध्ये इटलीनं १०६४ क्रमांकाचा कायदा करून रोजच्या कागदपत्रांवरून आईबापांच्या नावांचा रकानाच काढून टाकला. जो प्रश्न त्या देशानं कागदावरून पुसला तो आपण एका ठरलेल्या लग्नात पुन्हा विचारतो आहोत, तेही खोट्या माहितीवरून.

'आजही अशीच आडनावं देतात' हा दावा तर धडधडीत खोटा. नागरी नोंदणीचा २००० सालचा ३९६ क्रमांकाचा राष्ट्रपती-आदेश आहे, त्याचं कलम ३४ पाहा. आईबाप माहीत नसलेल्या मुलाला त्याचं मूळ उघड होईल असं नाव किंवा आडनाव देता येत नाही. ऐतिहासिक महत्त्वाचं आडनाव देता येत नाही, आणि त्या गावात विशेष ओळखल्या जाणाऱ्या घराण्याचंही देता येत नाही.

संस्कृतचं म्हणाल तर 'दिओ' लॅटिन 'देउस'वरून आला. 'देउस' आणि 'देव' ही एकाच जुन्या मुळाची भावंडं, हे खरं. पण भाऊ म्हणजे बाप नव्हे. लॅटिनमध्ये हा शब्द संस्कृतातून गेलेला नाही.

चाळीस कुटुंबांचा आकडा कुठून आला ते मजकुरात नाही. आडनावांचे असे नकाशे बरेचदा लँडलाइनच्या डिरेक्टरीवरून केलेले असतात. घरात एक फोन, तो बहुधा पुरुषाच्या नावावर. इटलीत बायका लग्नानंतरही जन्माचं आडनावच कागदावर लावतात, म्हणजे त्या मोजणीत आल्याच नाहीत. लँडलाइन काढून मोबाइल घेतलेलेही गेले. अशा नकाशावरून आडनाव कुठल्या भागातलं हे कळतं, माणसं किती हे कळत नाही. दिओताल्लेवी हा मार्के प्रांत, त्याला लागून असलेला रिमिनीचा पट्टा आणि रोम इथला. मार्के, रिमिनी आणि रोम १८६० पर्यंत एकाच, पोपच्या राज्यात होते, त्यामुळे माणसांची ये-जा होतीच.

कुळचिन्हावर पैसे घालवू नका. चिन्ह एका घराण्याचं असतं, आडनावाचं नव्हे. शिवाय १९४८ मध्ये लागू झालेल्या राज्यघटनेनं सरदारकीच्या पदव्यांची मान्यताच काढली.

ज्यांना खरंच शोधायचं आहे त्यांच्यासाठी वाट अशी. आधी घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाचं जन्मगाव नक्की करा. प्रांत नको, गाव हवं. तिथल्या नगरपालिकेच्या जन्ममृत्यू कार्यालयातून पणजोबांच्या जन्मनोंदीची संपूर्ण नक्कल मागवा, त्रोटक दाखल्यात हवी ती माहिती नसते. तिथून मागे १८६६ पर्यंत, रोममध्ये १८७१ पर्यंत, नागरी वह्या मिळतात, आणि सरकारी अभिलेखागारांच्या 'आंतेनाती' संकेतस्थळावर बऱ्याच वह्यांची छायाचित्रं फुकट पाहता येतात. सगळी नावं तिथे शोधखिडकीत सापडत नाहीत. वर्षाच्या वहीची शेवटची पानं उघडा, तिथे आडनावांची सूची असते. दहा वर्षांची एकत्र सूची मिळाली तर काम अर्धं होतं. स्पेलिंगमध्ये एक 'ल' आणि दोन 'ल', दोन्ही पाहा. त्याच्या मागे या भागात नेपोलियनच्या काळातली थोडी वर्षं सोडली तर नागरी नोंद नाही, पॅरिशच्या लॅटिन वह्या पाहाव्या लागतात. नोंदीत 'फिलिउस', म्हणजे मुलगा, या शब्दानंतर काय आहे ते वाचा. बापाचं आणि आईचं नाव आणि पुढे 'कोन्युगुम', म्हणजे पतिपत्नी, असं असेल तर मूल त्या घरातलं. 'इग्नोतिस पारेंतिबुस', म्हणजे आईबाप माहीत नाहीत, किंवा 'एक्सपोसितुस', म्हणजे बाहेर ठेवलेला, असं असेल तर ते चाकातलं, आणि त्या शाखेचं आडनाव त्याच बाळापासून सुरू होतं. एकाच नावाची दोन बाळं एका वर्षात सापडली तर गॉडफादरचं, म्हणजे बाप्तिस्म्याच्या धर्मपित्याचं, नाव जुळवा, नाहीतर दुसऱ्याच घरात शिराल.

लग्न ठरलेल्या मुलीसाठी शेवटचं. इटलीच्या कागदांवर तिचं आडनाव बदलणार नाही. घटनात्मक न्यायालयाच्या २०२२ च्या १३१ क्रमांकाच्या निकालानंतर मुलांना आईबाप दोघांची आडनावं लागतात, दोघांनी मिळून एकच ठरवलं तर एक. क्रम कोणता ठेवायचा ते दोघांनी ठरवायचं आणि जन्मनोंदीच्या वेळी सांगायचं.