‘ज्याला प्यायची तो पितोच’: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

गावातील दारूचे दुकान बंद करण्याचा विषय ग्रामसभेपुढे आला, किंवा शाळेजवळची पानटपरी हलवावी अशी मागणी नगरपालिकेत झाली, की पुढील आशयाचा मजकूर एका गटातून दुसऱ्या गटात फिरू लागतो: ‘ज्याला प्यायची तो पाताळातूनही आणून पितो. दुकान बंद केले की चोरटी दारू सुरू होते आणि सरकारचा महसूल बुडतो. पोरांना वळण लावणे हे आईबापांचे काम, ड्रग्ज पकडणे हे पोलिसांचे काम. पंचायतीने फार तर शाळेत एखादे व्याख्यान ठेवावे आणि आपले रस्ते-गटारे पाहावीत.’ हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत शिक्षक असतात, डॉक्टर असतात, कधी नगरसेवकही असतात. म्हणूनच त्यातील एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान पाताळातून आणून पिणाऱ्याचे. वीस वर्षे पिणाऱ्या, सकाळी हात थरथरल्याशिवाय उठू न शकणाऱ्या माणसाला ते बऱ्याच अंशी लागू पडते. तो दहा कोस चालत जाईल, हे मान्य आहे. परंतु स्थानिक प्रयत्न ज्याच्यासाठी करायचे तो नववी-दहावीतला मुलगा असा नसतो. त्याला अजून तलफ लागलेली नसते. त्याला कुतूहल असते, बरोबरीच्या मुलांचा आग्रह असतो, आणि जे हाताशी असेल ते तो घेतो. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी कायद्याने वयाची 25 वर्षे पूर्ण असावी लागतात, सौम्य बिअरसाठी 21. प्रत्यक्षात शिकवणीच्या वाटेवरची टपरी पंधरा वर्षांच्या मुलाला पुडी देते आणि ओळखीचा दुकानदार उधारीवर क्वार्टरही देतो. ही सहजता कमी झाली, तर सुरुवात लांबते, आणि सुरुवात जितकी उशिरा होते तितकी पुढे व्यसनात अडकण्याची शक्यता कमी होते. आइसलँडमध्ये 1998 साली 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुले मागील महिन्यात एकदा तरी दारू पिऊन झिंगलेली होती, तर 2016 मध्ये हे प्रमाण 5 टक्क्यांवर आले. त्या काळात युरोपातील इतर अनेक देशांतही किशोरवयीन मुलांचे पिणे घटले, त्यामुळे सगळे श्रेय तेथील व्यसन-प्रतिबंधाच्या योजनेला देता येणार नाही. पण ‘पिणारा पितोच’ हा सिद्धांत खरा असता, तर एवढी घट कशानेही झाली नसती.

गुटख्याचा दाखला येथे हमखास दिला जातो. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि तरीही तो मिळतो, हे खरे आहे. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष मजकुराच्या विरुद्ध जातो. आदेश मुंबईत निघाला, पण टपरी गावात राहिली, आणि तिच्याकडे पाहण्याची जबाबदारी गावातल्या कोणत्याही यंत्रणेने आपली मानली नाही.

चोरट्या दारूचा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यात शेकडो ग्रामपंचायतींच्या ठरावांनंतर आणि स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनानंतर 2015 मध्ये दारूबंदी झाली. 2021 मध्ये ती उठवताना शासनाने अवैध विक्री आणि वाढते गुन्हे हीच कारणे दिली, आणि या व्यापारात स्त्रिया व मुले ओढली गेली, ही तक्रारही खोटी नव्हती. बंदी जाहीर करून थांबले की काय होते, ते चंद्रपूरने दाखवले. परंतु विषारी दारू ही बंदीचीच संतती आहे, हे म्हणणे टिकत नाही. मुंबईत विक्रोळीला 2004 मध्ये आणि मालाडच्या मालवणीत जून 2015 मध्ये विषारी दारूने माणसे मेली, मालवणीत तर शंभराहून अधिक. मुंबईत तेव्हा बंदी नव्हती आणि परवान्याची दुकाने उघडी होती. गरिबाला स्वस्तात स्वस्त नशा विकणारा धंदा आणि त्याकडे होणारी डोळेझाक, ही त्या मृत्यूंची कारणे होती. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. तेथेही केवळ बंदीवर भागत नाही, हे ओळखूनच 2016 मध्ये ‘मुक्तिपथ’ हे व्यसनमुक्तीचे अभियान सुरू झाले. गावोगावच्या संघटना, अवैध विक्रीवर गावाचाच पहारा आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसन-उपचार, अशी त्याची रचना आहे.

शिवाय, गावाला स्वतःचा निर्णय घेण्याचा जो मार्ग उपलब्ध आहे, त्याची या मजकुरात दखलच नाही. राज्य शासनाच्या 2008 च्या आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील एक चतुर्थांश महिला मतदारांनी लेखी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि नंतर गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. आडव्या बाटलीला यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात. याचा अर्थ असा, की त्या दिवशी कापूस वेचायला दुसऱ्या गावी गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली किंवा नवऱ्याने घरातच अडवून ठेवलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते. इतकी कठीण अट पार करून ज्या गावांनी बाटली आडवी केली, त्यांच्या निर्णयाला ‘वरून लादलेली बंदी’ म्हणणे हा त्या बायकांवर अन्याय आहे. अनुसूचित म्हणजे आदिवासीबहुल क्षेत्रात तर तेथील पंचायतींसाठी केलेल्या 1996 च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांच्या विक्रीवर व सेवनावर निर्बंध घालण्याचा अधिकार ग्रामसभेला मान्य केला आहे.

महसुलाबद्दल थोडक्यात सांगता येईल. दारूवरील उत्पादन शुल्क राज्याच्या तिजोरीत जमा होते, तर अपघात, मारहाण, बुडालेली मजुरी आणि शाळा सोडलेली मुले गावाच्या वाट्याला येतात. ज्या ठरावाचा हिशेब गावाने करायचा, तो राज्याच्या जमेच्या बाजूवरून कसा करणार?

आईबाप आणि पोलीस यांची जबाबदारी कोणीच नाकारत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी केलेल्या कारवाईत दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यासह अनेक ठिकाणांहून दीड हजार किलोहून अधिक मेफेड्रोन, म्हणजे ज्याला मुले ‘एमडी’ म्हणतात ते, जप्त झाले. असे कारखाने शोधणे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले नाही. झोपेच्या गोळ्या, ज्यांना मालेगावकडे ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, त्या चिठ्ठीशिवाय विकणाऱ्यांवर कारवाई करणे हेही औषध प्रशासनाचे काम आहे. पण शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला 2003 च्या कायद्याने मनाई आहे, आणि ती विक्री करणारी टपरी बहुतेक वेळा नगरपालिकेच्याच पदपथावर उभी असते. ते अतिक्रमण हटवण्यासाठी पोलीस आयुक्तांची वाट पाहावी लागत नाही. अल्पवयीन मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम 77 नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम किती दुकानदारांना ठाऊक आहे? प्रत्येक दुकानदाराला ते लेखी कळवणे आणि त्याची पोच घेणे, एवढे तर पंचायतीचा लिपिकही करू शकतो.

आईबापांच्या बाबतीत मला एक गोष्ट मनापासून बोचते. मुलगा पितो हे कळलेली आई कोणाकडे जाणार, हे त्या मजकुरात कोठेही नाही. दिल्लीच्या ‘एम्स’ने देशभर केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात. त्याच पाहणीत सोल्यूशन, व्हाइटनर यांसारख्या हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण प्रौढांत 0.58 टक्के, तर मुलांत 1.7 टक्के आढळले. मुलांच्या हाती प्रौढांपेक्षा अधिक असलेली ही नशा आहे, आणि ती सायकल दुरुस्तीच्या किंवा वह्या-पेनांच्या दुकानात उघडपणे मिळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस समुपदेशक बसवण्याची मागणी करणे आणि 14446 हा राष्ट्रीय मदत क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवणे ही कामे घरातल्या आईबापांकडून होणारी नाहीत.

राहिले व्याख्यान. 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, प्रभातफेरी निघते, सडलेल्या फुप्फुसांची चित्रे दाखवली जातात, शपथ होते आणि मुले घरी जातात. भीती दाखवणाऱ्या अशा एकदिवसीय कार्यक्रमांनी मुलांचे व्यसन कमी होत नाही, ही गोष्ट संयुक्त राष्ट्रांच्या व्यसन-प्रतिबंधविषयक मानकांतही नोंदवलेली आहे. आइसलँडची राजधानी असलेल्या रिकिव्हिक शहराने मुलांना खेळ, संगीत आणि छंदवर्गांसाठी अनुदान दिले, शाळाशाळांतून वारंवार पाहणी करून तिचे निष्कर्ष त्याच शाळांना परत दिले, आणि पालकांकडून मुले रात्री उशिरा बाहेर राहणार नाहीत असे करार करून घेतले. त्या देशाची लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या महापालिकेहूनही कमी आहे आणि पैसा पुष्कळ आहे, हे मान्य. पण संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत मुले कोठे असतात, हा प्रश्न विचारायला श्रीमंती लागत नाही.

आणि रस्ते-गटारांचे म्हणाल, तर दिवे नसलेली पडकी समाजमंदिरे, कुलूपबंद व्यायामशाळा आणि लग्नमंडपांना भाड्याने दिलेली क्रीडांगणे ही सगळी पंचायतीच्या आणि पालिकेच्याच दप्तरात नोंदलेली मालमत्ता आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा लागतो. तो गेल्या वर्षी कशावर खर्च झाला, व्यायामशाळेची किल्ली कोणाकडे असते आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत किती टपऱ्या आहेत, हे तीन प्रश्न पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर लेखी द्यावेत आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत.